लाल पेले

धुळ्यात पांझरेच्या बाजूला एक शाळा होती. नाव घेत नाही, उगाच तोंड कशाला विटाळू. त्या शाळेत पुष्पाबाई बैसाणे पहिलीचा वर्ग घ्यायच्या, आणि त्यांना किळस फार. पहिलीच्या बाईला किळस असून कसं चालेल, असं तुम्ही म्हणाल. पण चालायचं. शेंबडं नाक दिसलं की बाई पोराला नळावर पिटाळायच्या आणि नाक लाल होईस्तोवर धुवायला लावायच्या. कुणी बोट तोंडात घातलं की या दुसरीकडे बघायच्या. स्वतःची साडी पांढरी, खळ दिलेली, काठाला खडूचा कणसुद्धा खपायचा नाही. पाण्याचा फिरकीचा तांब्या घरून यायचा आणि घरीच जायचा. शिक्षकांच्या खोलीतला चहा त्यांनी कधी ओठाला लावला नाही. बाकीचे शिक्षक पाठीमागं त्यांना ‘सोवळ्या बाई’ म्हणायचे आणि फिदीफिदी हसायचे. बैसाण्यांच्या घरातली बाई आणि सोवळी, त्यात काय हसण्यासारखं आहे हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. म्हणून तर हसायचे.

बाईंची ही किळस आकाशातून पडली नव्हती. साक्रीकडच्या एका खेड्यात त्या शिकल्या. शाळेत पाण्याचा हंडा होता, पण पुष्पाला हंड्याला हात लावायची मुभा नव्हती. वरच्या वर्गातला एक पोरगा वरून पाणी ओतायचा आणि ती खाली ओंजळ धरायची. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, परकर भिजायचा, आणि तोच पोरगा मग नाक मुरडून म्हणायचा, ‘ही बघा, सगळी बरबटली.’ पुष्पाचे वडील सुकदेव रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. रडत घरी आलेल्या पोरीला त्यांनी एकच सांगितलं, ‘पोरी, कोनले नाक मुरडाले जागाच ठेवू नको.’ तेव्हापासून पुष्पानं जागा ठेवली नाही. चाळिशी उलटली, दोन मुलं कॉलेजात गेली, तरी साडीची खळ काही सुटली नाही.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात या बाईंच्या गळ्यात ते शिबिर आलं. गावात सेवाज्योत नावाचं एक मंडळ होतं आणि त्याचे अध्यक्ष होते रतिलालशेठ, डाळीचे व्यापारी. शेठ पुण्याला भाच्याच्या लग्नाला गेले, तिथं त्यांनी कुठंतरी एक उन्हाळी शिबिर पाहिलं. साधी मुलं आणि मतिमंद मुलं एकत्र, चित्रं काढतात, खेळतात, डबा खातात. शेठना ते फार आवडलं. त्याहून आवडलं ते हे की शिबिराच्या समारोपाला मोठे पाहुणे येतात आणि पेपरात फोटो येतो. झालं, आपल्या धुळ्यात का नको? शाळा कुणाची, तर तोताराम नानांची, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापकांची. नानांनी काखा वर केल्या आणि पुष्पाबाईंकडे बोट दाखवलं. ‘बाई स्वच्छतेच्या पक्क्या आहेत,’ म्हणाले. किळस येणाऱ्या बाईला लाळ गळणारी पोरं सांभाळायला द्यायची आणि वर तिचं कौतुक करायचं, हे फक्त नानांनाच जमावं.

शिबिरात छबू आली. छबू नऊ-दहा वर्षांची, बोलायची नाही, ओठांतून सारखे थुंकीचे फुगे काढायची आणि मनाविरुद्ध झालं की चावायची. तिची आई भागाबाई डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, कामाला होती. उन्हाळा म्हणजे मसाल्यांचे दिवस, त्यामुळे दिवस उजाडल्यापासून तिखटात हात. पहिल्याच दिवशी तिनं पोरीचा पाय पुढं करून दाखवला. घोट्याभोवती एक चपटी, गुळगुळीत, काळपट पट्टी उमटलेली होती.

‘मी कामले जास तवय तिले खाटले बांधी ठेवस, बाई,’ भागाबाई म्हणाली. ‘जुना लुगडानी चिंधी शे, मऊ शे. नही बांधं तं ती नदीवर पळी जास.’

ती कुणाची दया मागत नव्हती. जसं आहे तसं सांगत होती. नाना बाजूलाच उभे होते, आणि चार माणसांसमोर नानांना मोठेपणा सुचतोच. ते म्हणाले, ‘भागाबाई, पोर शिबिरभर टिकली, समारोपाला कुणाला चावली नाही, ओरडली नाही, तर जूनमध्ये मी तिला पहिलीत बसवतो. शब्द देतो.’ भागाबाईनं तो शब्द पदराला गाठ मारावी तसा घेतला. शाळा मिळाली तर चिंधी सुटणार होती, नाही तर पुन्हा खाट. त्या पोरीचं सगळं या शिबिरावर होतं.

आणि छबूनं काय केलं, तर पुष्पाबाईंच्या खळीच्या साडीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तोंड पुसलं. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या मोरीवर गेल्या, साडीचा तो भाग साबणानं घासला, मग हात घासले, मग पुन्हा साडी. परत येऊन बघतात तर छबू सगळ्यांच्या पाण्याच्या पेल्यात ओठ बुडवून फुगे काढत होती. बाकीची पोरं खिदळत होती आणि फाटकाशी उभ्या असलेल्या दोन आया एकमेकींकडे बघत होत्या.

त्याच संध्याकाळी बाईंनी बाजारातून प्लास्टिकचे लाल पेले आणले. माठाशेजारी दोन खिळे ठोकले. वरच्या खिळ्याला एका पिशवीत स्टीलचे पेले, ते सगळ्यांचे. खालच्या खिळ्याला पिशवीत लाल पेले, ते ‘त्या’ मुलांचे. बाईंच्या मनात पाप नव्हतं. थुंकी म्हणजे आजार, वेगळा पेला म्हणजे स्वच्छता, पहिलीच्या पुस्तकातला धडा. आया खूश झाल्या. ‘बाई, हे बरं केलंत,’ त्यांतली एक म्हणाली, ‘आमच्या पोरांना लागण झाली तर काय करायचं?’ वेडेपणाची लागण होते असं ज्या बाईला वाटत होतं ती स्वतः बँकेत कारकून होती. रतिलालशेठही येऊन बघून गेले आणि म्हणाले, ‘व्यवस्था म्हणजे व्यवस्था.’

शिबिर मार्गी लागलं. शाळेच्या आवारात एक जुना निंब होता. आखाजी जवळ आली होती, आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्याकडे पोरींचा सण, झोक्याचा. मोठ्या पोरींनी निंबाला दोर टाकला आणि झोका बांधला. बाईंच्या घरी आखाजीला पितरांच्या नावाची घागर पुजत नसत, पण झोका काय, तो सगळ्या पोरींचा. नियम साधा होता. एक पोर झोक्यावर, बाकीच्या गाणं म्हणणार, गाणं संपलं की खाली उतरायचं आणि दोर पुढचीच्या हातात द्यायचा. झोका बांधला त्या दिवशी छबू त्यावर बसली ती उतरेना. ओढली तर चावली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कधीतरी, कुणाच्या लक्षातही न येता, ती उतरायला लागली. चौथीतली मंदा धावत येऊन बाईंना म्हणाली, ‘बाई, गानं सरनं का छबू आपेआप उतरी जास. अन् दोर माले देस.’

बाईंना खरं वाटेना. त्या उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. गाणं संपलं, छबू उतरली, दोर मंदाच्या हातात ठेवला आणि मंदा झोक्यावर बसेपर्यंत तिच्याकडे टक लावून बघत राहिली. मंदा बसली तेव्हाच तिनं नजर काढली. पुस्तकं वाचून आलेल्या कुणी हे शिकवलं नव्हतं, शेठनी तर नाहीच. पोरींनी आपला नियम मोडला नाही, बस. बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पण त्याच दुपारी पाणी प्यायची वेळ झाली. माठावर शाळेच्या सेविका बेबाबाई होत्या. छबूनं लाल पेला फेकून दिला, तो घरंगळत गटारीत गेला. बेबाबाई वैतागल्या, त्यांनी ओगराळं भरलं आणि हात उंच केला. छबू गुडघ्यांवर बसली आणि तिनं ओंजळ पुढं केली. पाणी वरून पडत होतं, कोपरांवरून ओघळत होतं, फ्रॉक भिजत होता. आजूबाजूला पोरं उभी होती, आणि त्यांतल्या एकानं नाक चिमटीत धरून ‘शी’ केलं.

पुष्पाबाई पायरीवरच थिजल्या.

‘बेबाबाई, हे कधीपासून?’

‘रोजनंच शे, बाई,’ बेबाबाई सहज म्हणाल्या. ‘ती पेला फेकस, मंग मी वरथीन वती देस.’

बेबाबाईंना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. वाटावं का? पेले वेगळे कुणी केले होते? बाई मोरीवर गेल्या आणि ओकल्या. सकाळची भाकरी बाहेर आली, तरी मळमळ थांबेना. या खेपेला किळस छबूच्या लाळेची नव्हती. साक्रीकडच्या त्या पोरग्याचा चेहरा त्यांनी इतकी वर्षं मनात शिव्या देत जपला होता, आणि आज त्या जागी खळीची साडी नेसून त्या स्वतः उभ्या होत्या. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. एवढं धुतलं, एवढं घासलं, आणि निघालं काय, तर हे.

दुसऱ्या दिवशी लाल पेले कचऱ्यात गेले. माठावर एकच पेला राहिला, स्टीलचा, आणि शेजारी विसळायला बादली. नियम झोक्याचाच. एकानं प्यायचं, विसळायचं, पुढच्याच्या हातात द्यायचा, पुढच्यानं प्यायचं. छबू विसळायची नाही, ते मंदा करायची, पण हातात द्यायची मात्र बरोबर, आणि पुढचा पिईपर्यंत हलायची नाही. एकदा बेबाबाईंनी तिच्या हातून पेला घेऊन उरलेलं पाणी ओतून टाकलं तर तिनं त्यांच्या मनगटाचा चावा घेतला आणि अर्धा तास अशी किंचाळली की शेजारच्या गल्लीतली माणसं बघायला आली. पेला घेतला तर प्यायचं. तिच्या हिशेबी गाणं तेव्हाच संपत होतं. पुष्पाबाई स्वतः मात्र अजून आपला फिरकीचा तांब्या घेऊनच यायच्या. स्वतःची शिसारी आली म्हणून दुसऱ्याच्या थुंकीची जाते असं थोडंच आहे.

आयांनी दंगा केला. बँकेतल्या बाईंनी आपली दोन्ही पोरं काढून घेतली, आणखी चौघींनी तेच केलं. मग रतिलालशेठ आले, गोड बोलत. गोड बोलणारा माणूस आला की पुष्पाबाईंच्या मानेवरची शीर ताठ व्हायची.

‘बाई, तुमची भावना मला पटते,’ शेठ म्हणाले. ‘पण समारोप आखाजीला ठेवलाय. मुंबईच्या पाहुण्या येणार आहेत. नवी घागर ठेवू, त्यांच्या हातानं एकेका मुलाला पाणी देऊ, फोटो छान येईल. तोवर ही चार-पाच मुलं मागच्या खोलीत बसू द्या. त्या दिवशी स्वच्छ कपडे घालून पुढं आणू. फक्त ती थुंकणारी नको.’

‘छबू?’

‘तिला त्या दिवशी घरी ठेवा. मिठाई घरी पोचवू तिची.’

बाईंनी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीतून बाहेर निंबाकडे बघत होते.

‘नाना, तुम्ही शब्द दिलाय. समारोपाला टिकली तर पहिलीत.’

‘हो ना,’ नाना म्हणाले, ‘पण ती समारोपाला आलीच नाही, तर टिकली असं मी कसं म्हणू?’

आणि हे बोलताना माणसाला लाजही वाटली नाही. आपणच दार लावायचं आणि आत का आली नाही म्हणून विचारायचं. बाईंनी तोंडातल्या तोंडात एक अस्सल खानदेशी शिवी घातली, ती इथं लिहीत नाही. मागच्या खोलीला त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या कनवटीला खोचली. पोरं निंबाखालीच राहिली.

आखाजीच्या सकाळी त्या स्वतः भागाबाईच्या घरी गेल्या. छबू खाटेला बांधलेलीच होती, कारण भागाबाईला शेठच्या माणसानं निरोप दिला होता की पोर आणू नका. भागाबाईचे हात तिखटानं लाल झाले होते, त्या हातांनी तिला पोरीचं तोंडही पुसता येत नव्हतं. बाईंनी खाली बसून गाठ सोडली. चिंधीला थुंकीचा आणि घामाचा वास येत होता. बाईंच्या घशाशी आलं, पण गाठ त्यांनीच सोडली. मग पोरीला न्हाऊ घातलं, वेणी घातली आणि हाताला धरून शाळेत आणलं, मागोमाग भागाबाईही आली.

मांडवात गर्दी होती. मधोमध नवी कोरी घागर, गळ्यात झेंडूची माळ, वर पितळी पेला. पाहुण्या बाई कुठल्याशा मोठ्या साहेबांच्या पत्नी होत्या. त्यांनी भाषण केलं. ही मुलं म्हणजे देवाघरची फुलं आहेत, म्हणाल्या, आणि ही फुलं सांभाळणाऱ्या रतिलालशेठसारख्या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. फुलांपैकी एकाची चड्डी ओली झाली होती आणि ते पाहुण्यांच्या पदराशी उभं होतं. पाहुण्यांनी पदर दोन बोटांनी उचलून दुसरीकडे घेतला. भाषण थांबलं नाही. पुष्पाबाईंनी हे पाहिलं आणि त्यांना वाटलं, आपणही याच दोन बोटांनी जन्म काढला.

मग पाणी सुरू झालं. मुलं रांगेनं येत होती, पाहुण्या पेला भरून देत होत्या, फोटोवाला बटण दाबत होता. छबूचा नंबर आला तेव्हा शेठ पुढं सरसावले, पण पोर पोचली होती. पाहुण्यांनी पेला भरला आणि हात उंच धरला, वरून ओतायला. छबूनं ओंजळ केली नाही. तिनं दोन्ही हातांनी पेला खाली ओढून घेतला आणि ओठांना लावला. थोडं पाणी प्याली, थोडं हनुवटीवरून गळालं, पेल्यात एक फुगा आला आणि फुटला. आणि मग तिनं तो पेला, शिबिरात रोज करायची तसा, पुढं केला. पाहुण्यांसमोर.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

‘मला बाहेरचं पाणी चालत नाही,’ पाहुण्या म्हणाल्या आणि हात मागे घेतले.

छबू शेठकडे वळली. शेठनी गालावर हात ठेवला. ‘माझी दाढ ठणकतेय सकाळपासून,’ ते म्हणाले, आणि माठाशी उभ्या असलेल्या बेबाबाईंना पेला काढून घ्यायला खुणेनं बोलवायला लागले.

छबू नानांकडे वळली. नाना हसले. ‘आज माझा उपास आहे बाळा.’

पाण्याचा उपास. आखाजीला. सकाळी याच माणसानं पुरणपोळी आणि आमरस हाणला होता, मिशीला अजून पिवळं लागलेलं होतं.

पेला छबूच्या हातातच राहिला. तिच्या घशातून तो बारीक आवाज सुरू झाला, जो किंचाळण्याआधी यायचा. मागं भागाबाई उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. आता ही ओरडणार, कुणालातरी चावणार, आणि जून गेला. पेला नुसता काढून घेऊन भागणार नव्हतं, घेईल त्यानं प्यायलाच हवं होतं, हे मांडवात दोघींनाच ठाऊक होतं, मंदाला आणि पुष्पाबाईंना. मंदा पोरांच्या रांगेत पार मागं होती.

पुष्पाबाईंनी पेला घेतला. पाण्यावर लाळेची एक तार होती, ती त्यांना स्पष्ट दिसत होती.  आणि त्या प्यायल्या. सगळं, तळापर्यंत. पाणी खाली जाईना, त्यांनी ते ढकललं. छबू त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. शेवटचा घोट उतरला तेव्हा तिचा तो आवाज थांबला, तिनं नजर काढली, आणि ती मुकाट्यानं जाऊन रांगेत आपल्या जागी बसली.

पाहुण्यांनी नाक मुरडलं. छबूकडे बघून नाही, पुष्पाबाईंकडे बघून. अगदी तस्संच, नाकपुड्यांशी सुरकुती पाडून. ज्या सुरकुतीला भिऊन बाईंनी हजारो वेळा साड्या धुतल्या होत्या, ती भर मांडवात त्यांच्यावर पडली. बाईंनी ओठ पदरानं पुसले, खळीच्या पदरानं, आणि नानांकडे वळल्या.

‘नाना, टिकली,’ त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. ‘तुमचा उपास सुटला की जूनमध्ये तिला माझ्या वर्गात पाठवा.’

मुंबईच्या पाहुण्यांसमोर नाही म्हणायची हिंमत लागते, आणि नानांजवळ ती कुठल्याच कामापुरती नव्हती. ‘हो हो, ठरलंच आहे ते,’ ते म्हणाले. छबूला शाळा मिळाली ती कुणाच्या चांगुलपणानं मिळाली नाही. एका माणसाच्या भेकडपणानं मिळाली. मला विचाराल तर हीच त्या शिबिराची सगळ्यात घाण गोष्ट.

जूनमध्ये पहिलीच्या वर्गात नवा माठ आला. पेला एकच. चार आयांनी पोरं दुसऱ्या तुकडीत हलवली, हलवू द्या. बाई आता छबूनंतर पाणी प्यायच्या, तिच्याच हातून. किळस गेली असं समजू नका. रोज पाणी खाली जायचं नाही आणि रोज त्या ते ढकलायच्या. फिरकीचा तांब्या घरी फळीवर पडून होता.

पहिल्याच आठवड्यात भागाबाई पोरीला सोडायला आली आणि जाताना माठाला काहीतरी गुंडाळून गेली. बाईंनी बघितलं, माठाभोवती ओलं फडकं होतं, पाणी गार राहावं म्हणून बांधतात तसं. काळपट, गुळगुळीत झालेली लुगड्याची लांब चिंधी. बाईंनी ती ओळखली आणि फाटकापाशी जाऊन भागाबाईला हाक मारली.

‘भागाबाई, ही तीच ना?’

‘तीच शे, बाई,’ भागाबाई म्हणाली. ‘आते माले ती कसाले जोयजे?’

बाईंनी वळून वर्गाकडे पाहिलं. कशाला हवी, खरंच.

‘धुतली का?’ त्यांनी विचारलं.

‘दोनदा.’

पुष्पाबाई वर्गात आल्या, माठाची चिंधी सोडली, मोरीवर नेऊन साबणानं तिसऱ्यांदा धुतली, आणि पुन्हा माठाला गुंडाळली.